आधी पाणी, मग रक्त, मन शेवटी

आमच्या डॉक्टरांकडे कुणी पहिल्यांदा आलं, की ते त्याला काय होतंय हे विचारत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?"

माणूस गोंधळतो. मनोविकारतज्ज्ञाकडे जायचं म्हणून त्याने घरून बरीच तयारी केलेली असते. लहानपणचं काय सांगायचं, काय गाळायचं, बायकोसमोर कुठे थांबायचं, सगळं ठरलेलं असतं. आणि हा गृहस्थ प्लंबरसारखा पाण्याची चौकशी करतो.

"पहाटे साडेतीनला."

"रोज?"

"एक दिवसाआड."

"आणि उठतं कोण?"

 जोडपं असेल तर एकमेकांकडे बघतं. एकाची मान खाली जाते, दुसऱ्याची वर येते. उठणाऱ्याचं नाव डॉक्टर कागदाच्या डोक्यावर लिहितात आणि त्याखाली रेघ मारतात. पेशंट म्हणून कुणालाही आणलेलं असो, आजारी बऱ्याचदा तो उठणाराच निघतो.

डॉ. बस्त्याव लोपीस हे त्यांचं नाव. राहणार वटार, वसईकडचं. केळीच्या आणि मोगऱ्याच्या वाडीतला माणूस, उंचीला बेताचा आणि रुंदीला भरपूर. बोळिंजला आमच्या कॉम्प्लेक्सच्या बी विंगमध्ये तळमजल्यावर वन बीएचके भाड्याने घेऊन त्यांनी दवाखाना थाटला होता. हॉलमध्ये पेशंट, बेडरूममध्ये डॉक्टर, स्वयंपाकघरात मी. म्हणजे माझं टेबल, टेलिफोन आणि अपॉइंटमेंटचं रजिस्टर. मी ए विंगमध्ये राहते, त्यामुळे घर ते नोकरी हे अंतर गॅसवर दूध ठेवून यावं एवढं.

ही नोकरी मी मागितली नव्हती. शाळेत पंचवीस वर्षं कारकुनी करून मी घरी बसले होते. डॉक्टरांचं एक कुरिअर चुकून आमच्याकडे आलं, ते द्यायला गेले. त्यांनी चष्मा वर केला आणि मला विचारलं, "पाणी किती वाजता येतं तुमच्याकडे?"

मी म्हटलं, "तुमच्याकडे येतं तेव्हाच. आणि तुमचा बेसिनचा नळ गळतोय, तो आधी बंद करा."

"नाव काय तुमचं?"

"सावंत."

"सावंतबाई, उद्यापासून येता का?"

मानसिक आजार वगैरेवर तेव्हा माझा विश्वास नव्हता. हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "उत्तम. माझाही सगळ्यांवर नाही."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे. 'आधी पाणी, मग रक्त, मग घर. मन शेवटी. ते कुठे पळून जात नाही.' या क्रमात ते कधी बदल करत नाहीत. पाण्याचं झालं की नखं बघतात, जीभ बाहेर काढायला लावतात, पापण्या ओढून बघतात. मग थायरॉइड, बी ट्वेल्व्ह, हिमोग्लोबिन. 'माझं आयुष्य निरर्थक आहे' असं म्हणत आलेल्या एका बँकेतल्या बाईंना त्यांनी सांगितलं, "असेल. पण तुमचं हिमोग्लोबिन सात आहे. ते बारा झालं की आपण पुन्हा बघू आयुष्याकडे." बाई तीन महिन्यांनी आल्या. आयुष्य अजूनही निरर्थक होतं म्हणाल्या, पण बसल्याजागी जिना चढून आल्यासारखी जी धाप लागायची, ती आता लागत नव्हती. मग त्यांच्यावर खरे उपचार सुरू झाले. गोळ्यांचं डॉक्टरांना वावडं नाही. लागतील तिथे देतात आणि कुणी मधेच बंद केल्या तर घरी फोन करून ओरडतात. फक्त गोळी हे पहिलं उत्तर नसतं, एवढंच.

एका रिटायर्ड मास्तरांना त्यांच्या मुलाने आणलं होतं. हाक मारली तर ओ देत नाहीत, विचारलं एक तर बोलतात भलतंच, डोक्यावर परिणाम झालाय. डॉक्टरांनी बॅटरी घेऊन मास्तरांच्या कानात बघितलं आणि कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. दोन्ही कानांतून मळाचे गोळे निघाले. आठवड्याने मुलगा पुन्हा आला. घरातली भांडणं वाढली म्हणाला, कारण आता वडिलांना सगळं ऐकू येत होतं.

फुलपाड्याच्या एका बाईंचं प्रकरण तर औषधाच्या दुकानापर्यंत गेलं. रात्र रात्र झोप नाही, दिवसभर चिडचिड. दोन वर्षं कुणाच्या तरी सल्ल्याने झोपेच्या गोळ्या चालू. पाणी पहाटे तीनला, उठणार त्याच, नवरा बाजूला घोरतोय. डॉक्टरांनी त्या गोळ्या हळूहळू कमी करायच्या कशा ते नीट लिहून दिलं आणि खाली चौथ्या ओळीत लिहिलं, 'नवऱ्याने पाणी भरणे. सोमवार, बुधवार, शुक्रवार. महिनाभर.' खाली सही, शिक्का. नवरा चिठ्ठी घेऊन केमिस्टकडे गेला. डॉक्टरांचं अक्षर डॉक्टरांसारखंच आहे. पाच मिनिटांनी केमिस्टचा मला फोन, "मॅडम, पहिल्या तीन दिल्या. चौथी आपल्याकडे येत नाही. दुसऱ्या कंपनीची चालेल का?"

हा माणूस मनाच्या वाटेला गेला कसा, तेही सरळ नाही. वडिलांना घरात डॉक्टर हवा होता. बस्त्याव हुशार होते आणि नारळाच्या झाडावर चढायला घाबरायचे, म्हणून त्यांना मेडिकलला पाठवलं. पुढचं शिक्षण भूलशास्त्रात झालं, कारण यादीत त्यांचा नंबर आला तेव्हा तेवढीच जागा उरली होती. मग बारा वर्षं वसईतल्या नर्सिंग होममधून स्कूटरवर फिरून लोकांना भूल द्यायची.

घोळ तिथेच सुरू झाला. टेबलावर आडवा झालेला माणूस भूल चढण्याआधी बोलतो. बाकीचे भूलतज्ज्ञ 'हं, हं' करतात आणि सुई टोचतात. हे ऐकत बसायचे. सर्जन हात धुऊन, हातमोजे घालून ताटकळत उभा.

"लोपीस, झोपला का पेशंट?"

"दोन मिनिटं सर. थोरल्या जावेचं आत्ताच सुरू झालंय."

"अहो, तुम्हाला भूल द्यायला बोलावलंय, त्यांच्या वाटण्या करायला नाही!"

डॉक्टर हे प्रसंग दोन्ही आवाज काढून सांगतात. पण एक प्रसंग ते आवाज न काढता सांगतात. हर्नियाचं ऑपरेशन, साधं. चाळिशीतला माणूस, शांत, कुरकुर नाही. सुई टोचताना तो हसून म्हणाला, "डॉक्टर, नंतर उठवलं नाहीत तरी चालेल हं मला." सिस्टर हसली. सर्जनही हसले. डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवली आणि ऑपरेशन आज होणार नाही म्हणून सांगितलं. सर्जनने त्यांना पुन्हा कधी बोलावलं नाही. हर्निया तीन आठवडे थांबला. ते तीन आठवडे डॉक्टर रोज संध्याकाळी त्या माणसाच्या घरी जाऊन बसत होते.

"काय बोलायचात?" मी विचारलं होतं.

"काय बोलणार? मला काही येत नव्हतं, सावंतबाई. झोपवता येत होतं, उठवता येत होतं. उठायचं कशाला, हे त्याने विचारलं तर काय सांगायचं ते शिकवलंच नव्हतं. मी आपला त्याला विचारायचो, पाणी आलं का?"

त्या माणसाचं पुढे ऑपरेशन झालं, तो ठीक आहे, नातवंडं आहेत. डॉक्टर मात्र चाळिसाव्या वर्षी अर्ध्या वयाच्या मुलांबरोबर पुन्हा प्रवेश परीक्षेला बसले आणि हा नवा विषय शिकून आले.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

आमच्या कॉम्प्लेक्सला डॉक्टर हवा असतो. ताप मोजणारा, लहान मुलांचा, दातांचा, कुठलाही. मनाचा नको असतो. बाहेर पाटी 'डॉ. बी. लोपीस' एवढीच होती, तरी कळायचं ते सगळ्यांना कळलं होतं. तळमजल्यावर दवाखाना चालवायला सोसायटीचं ना-हरकत पत्र लागतं आणि ते दर तीन वर्षांनी वार्षिक सभेत मंजूर करून घ्यावं लागतं. पहिल्यांदा ते मिळालं, कारण डॉक्टर कसले आहेत हे कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्यांदाची वेळ जवळ आली आणि नेमका चपलांचा प्रकार घडला.

डॉक्टरांचा एक तरुण पेशंट होता. प्रत्येक वस्तू सरळ रेषेत असली पाहिजे, नाहीतर त्याचा जीव घाबरा व्हायचा. एका सोमवारी तो तासभर आधी आला. मी म्हटलं, बस. त्याला बसवेना. तो जिन्याने वर गेला आणि पहिल्या मजल्यापासून सातव्यापर्यंत प्रत्येक दारासमोरच्या चपला जोडीने लावून आला. मोठ्या आधी, लहान नंतर, टाचा भिंतीकडे. सोसायटी झाल्यापासून बी विंगमध्ये डाव्या पायाची चप्पल उजव्या पायाच्या शेजारी पहिल्यांदाच दिसली असेल. पण संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटोंसकट आरडाओरडा सुरू झाला. 'आज चपला लावल्या, उद्या घरात शिरेल.' 'लहान मुलं राहतात इथे.' 'सेक्रेटरीसाहेब, काहीतरी करा.'

सेक्रेटरी म्हणजे महाडिक. सी विंग, तिसरा मजला. इन्शुरन्समध्ये मोठ्या हुद्द्यावर, शर्टाला कडक इस्त्री, आवाज असा की माइक बंद पडला तर कुणाला कळू नये. महाडिक डॉक्टरांच्या हात धुऊन मागे लागलेत, असा त्यांचा सोसायटीत लौकिक होता. दर पंधरा दिवसांनी ते हातात पार्किंगची नोटीस घेऊन दवाखान्यात शिरताना लोकांनी पाहिलं होतं. चांगले पाऊण पाऊण तास आत. 'झाडत असणार डॉक्टरला,' लोक कौतुकाने म्हणायचे.

नोटीस एकच होती. अकरा वेळा तीच आणली. घड्यांवर फाटायला आली, तेव्हा मी तिला मागून चिकटपट्टी लावून दिली.

कारण महाडिक पेशंट होते. त्यांना अचानक छातीत धडधड व्हायची, घाम फुटायचा, श्वास अडकायचा, आता मेलो असं वाटायचं. हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, हृदय ठणठणीत होतं. ऑफिसात लोकांसमोर बोलताना एकदा असं झालं होतं, तेव्हापासून रोज घरून निघताना पाय जड व्हायचे. डॉक्टरांना त्यांनी सांगितलं होतं, आणि स्वयंपाकघराची भिंत पातळ असल्यामुळे मलाही: "डॉक्टर, एकटा असताना कितीही वेळा होऊ दे. पण आपल्या माणसांसमोर झालं ना, तर मी पुन्हा कुणाला तोंड दाखवणार नाही."

(हे मी लिहितेय ते महाडिकांच्या परवानगीने. मजकूर त्यांनी स्वतः वाचलाय. इस्त्रीचा उल्लेख राहू द्या म्हणाले.)

कमिटीत महाडिक धरून सात जण. त्यातले तीन आमच्या रजिस्टरात होते. तिघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. एक जण तोंडाला रुमाल बांधून यायचे, म्हणजे दात दुखतोय असं वाटावं. एक ताई भर उन्हाळ्यात उघडी छत्री पुढे धरून शिरायच्या. महाडिकांकडे नोटीस होती. आणि त्या नोटिशीनेच त्यांचा घात केला. एवढ्या वेळा डॉक्टरांना 'झाडणारा' माणूस असताना दवाखाना हटवायचा ठराव दुसरं कोण मांडणार? कमिटीने एकमताने त्यांचं नाव घातलं. नाही म्हणायचं तर कारण द्यायला हवं होतं.

मी डॉक्टरांना म्हटलं, "मला फक्त दोन मिनिटं द्या. रजिस्टर घेऊन जाते आणि टेबलावर ठेवते. उघडतसुद्धा नाही."

"ठेवू नका."

"नुसतं हातात धरते."

"सावंतबाई, कपाटाची किल्ली तुमच्याकडे असली म्हणून आतल्या साड्या तुमच्या होत नाहीत."

"ते तुमच्याविरुद्ध हात वर करणार आहेत!"

"करू देत. खांदा मोकळा होतो."

"मग तुम्ही बोला तरी. चेअरमननी पाच मिनिटं दिलीत. लिहून काढा."

त्यांनी खरंच लिहून काढलं. दोन पानं. मी वाचली. चांगली होती. परिसरात असा दवाखाना का हवा, चपलांनी कुणाचं नुकसान झालेलं नाही, पेशंटला भ्यायचं कारण काय, सगळं सोप्या भाषेत. मी दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलं. ती पानं वाचली असती तर ठराव पडला असता असं माझं अजून मत आहे. डॉक्टरांना ही जागा जायला नको होती. याआधी दोन ठिकाणांहून त्यांना असंच उठावं लागलं होतं, आणि दर वेळी निम्मे पेशंट वाटेत गळतात. गोळ्या बंद करतात आणि गप्प बसतात. त्यांना शोधून आणायला वर्ष जातं.

रविवारी अकराची सभा गणसंख्येअभावी साडेअकराला, आमच्या पार्किंगमध्ये. प्लास्टिकच्या खुर्च्या, गणपतीतला माइक, मागे बटाटेवड्यांची पातेली. डॉक्टर भाडेकरू, सभासद नव्हेत, म्हणून त्यांना टेबलाच्या बाजूला एक वेगळी खुर्ची. मागच्या सभेचं इतिवृत्त, रंगकाम, टाकीची सफाई, लिफ्ट असं करत गाडी सातव्या विषयावर आली. महाडिक उठले. हातात ठरावाचा कागद.

"सभासद बंधूभगिनींनो. बी विंगमधील तळमजल्यावरील सदर क्लिनिकमुळे..."

थांबले.

"सदर क्लिनिकमुळे सभासदांच्या... सदर..."

मी बाजूला बसले होते, मला त्यांचा कागद दिसत होता. तो नुसता हलत नव्हता, वाजत होता. दुसरा हात कॉलरकडे गेला. कपाळावर घाम. मला भिंतीपलीकडून ऐकलेलं सगळं आठवलं आणि मी डॉक्टरांकडे बघितलं. ते उभे राहिले होते.

"अध्यक्ष महाराज, हरकत आहे!"

सगळ्या माना वळल्या.

"तिसऱ्या विषयावर माझी हरकत आहे! टाकी साफ झाली असं तुम्ही लिहिलंत. मी म्हणतो, झालेली नाही!"

"डॉक्टर, तिसरा विषय संपला," चेअरमन म्हणाले. "तुम्ही सभासद नाही."

"सभासद नाही, पण तेच पाणी पितो! बी विंगच्या टाकीचं झाकण कधी उघडून बघितलंय कुणी? आत बेडूक आहे!"

"बेडूक?" तिसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या.

"एक नाही, कुटुंब आहे."

मग जे झालं त्याला सभा म्हणत नाहीत. टाकी साफ करणाऱ्याला पैसे कोणी दिले, फोटो कुठे आहेत, माझ्या मुलीला गेल्या महिन्यात उलट्या झाल्या त्या म्हणूनच. चेअरमन माइकवर "शांत बसा" ओरडत होते, माइक शिट्टी मारत होता. या सगळ्यात डॉक्टर बोलत बोलत पुढे सरकले आणि बरोबर महाडिकांच्या आणि सभेच्या मध्ये येऊन उभे राहिले. ते रुंद आहेत हे मी आधी सांगितलंय. महाडिक मागे खुर्चीत बसले ते कुणाला दिसलं नाही. डॉक्टरांचा एक हात हवेत, टाकीबद्दल. दुसरा पाठीमागे महाडिकांच्या खुर्चीच्या दांड्यावर. त्या हाताची बोटं सावकाश दांड्यावर पडत होती. चार ठोके, मग थांबून सहा. पुन्हा चार, पुन्हा सहा. महाडिक डोळे मिटून त्या तालावर श्वास आत घेत होते, बाहेर सोडत होते. पुढून बघणाऱ्याला वाटावं, बाष्कळ माणूस आहे, बेडकांवर व्याख्यान देतोय.

दहा मिनिटांनी ठोके थांबले.

"डॉक्टर, तुमची पाच मिनिटं केव्हाच संपली," चेअरमन म्हणाले. "क्लिनिकबद्दल काही म्हणायचंय का? नाही ना?"

डॉक्टरांनी खिशावर हात ठेवला. दोन पानं आत होती. मग मागे वळून एकदा महाडिकांकडे बघितलं. ते पाणी पीत होते.

"टाकीचं तेवढं बघा," म्हणाले, आणि जागेवर जाऊन बसले.

महाडिकांनी ठराव बसूनच वाचला, हळू आवाजात. हात वर झाले. माझ्या नवऱ्याने डॉक्टरांच्या बाजूने केला, कारण मी त्याच्याकडे बघत होते. दवाखाना तीन मतांनी गेला. तीन हा आकडा मला बटाटावडा खाऊ देईना.

दुपारी मी दवाखाना उघडला. खरं तर रविवारी बंद असतो, पण मला कुठेतरी आदळआपट करायची होती आणि घरची भांडी नुकतीच घेतलेली होती. डॉक्टर आत बसले होते. मी तिथल्या तिथे सुरू केलं. तुम्हाला पाच मिनिटं होती. तुम्ही बेडकांवर घालवलीत. तो मनुष्य तुम्हाला हाकलायला उभा राहिला होता. आणि टाकीत बेडूक आहे तरी का?

"माहीत नाही. असेल. बघायला हवं," ते म्हणाले. "महाडिक जेवले असतील का हो?"

मी खुर्ची ओढून बसले.  मग ते आपणहून बोलायला लागले, माझ्याकडे न बघता.

"माझी आई होती ना, ती रोज संध्याकाळी विचारायची. मी स्कूटर लावत असायचो, ती ओट्यावर. आमच्या वटारच्या बोलीत विचारायची, आज कोण कोण आलं होतं रे? आता मी काय सांगणार? अर्धं गाव येत होतं. तिच्या शेजारणी येत होत्या. मी म्हणायचो, कोणी नाही. रोज. बारा वर्षं. तिला वाटलं, खरंच कोणी येत नाही. बस्त्यावने चांगला धंदा सोडला आणि हे काय घेऊन बसला. माझ्याकडे पेशंट यावेत म्हणून तिने नोव्हेना धरल्या, सावंतबाई, नऊ नऊ दिवसांच्या प्रार्थना. चर्चमध्ये मेणबत्त्या लावायची. रविवारचा मिस्सा सुटला की चर्चच्या दारात बायकांना अडवायची, माझ्या मुलाकडे जा गो कोणीतरी, बिचारा एकटा बसून असतो. त्यातल्या दोघी माझ्याच पेशंट. खाली मान घालून 'जाऊ हां, जाऊ' म्हणायच्या."

मला हसू आलं. त्यांनाही आलं.

"शेवटच्या आजारपणात म्हणाली, भूल द्यायचास तेच बरं होतं. माणसं तरी असायची तुझ्याभोवती." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तेव्हासुद्धा सांगितलं नाही. गेल्या वर्षी गेली. आज पहिल्यांदाच तिला खरं सांगता आलं असतं. आई, आता खरंच जागा गेली, आता खरंच कोणी येणार नाही. तर विचारायला ती नाही. घरी गेलो की स्कूटर लावतो आणि उगाच जरा वेळ तिथेच उभा राहतो."

  मी उठून चहा केला.

जागा मिळाली. दीड महिना मी पायपीट केली, तेव्हा बोळिंजलाच रस्त्याच्या पलीकडे हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्या सापडल्या. मालकाला कसला दवाखाना ते स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, भाडं वेळेवर द्या. माझ्या बायकोला कधी आणू?" सगळ्या पेशंटना मी एकेक करून फोन केले. सोसायटीतल्या तिघांनाही केले, कारण रजिस्टरात होते. रुमालवाले आले. छत्रीवाल्या ताई अजून आलेल्या नाहीत. मी दर आठवड्याला फोन करते. महाडिक पहिल्याच सोमवारी आले. रस्ता ओलांडून, सगळ्यांसमोर, हात रिकामे. जिना चढून वर आले आणि दारात उभे राहिले. मी नेहमीसारखं "बसा" म्हटलं.

त्या दिवशी एकूण अकरा जण आले. संध्याकाळी सात वाजता मी दिवे बंद केले, कुलूप हातात घेतलं. डॉक्टर हेल्मेट हातात घेऊन जिन्यात माझी वाट बघत होते. रजिस्टर माझ्या काखेत होतं.

"डॉक्टर," मी कुलूप लावता लावता विचारलं, "आज कोण कोण आलं होतं?"

 मी मुद्दाम मागे वळले नाही, कुलूप पुन्हा एकदा ओढून बघितलं.

"कोणी नाही," ते म्हणाले.